बोटं आधी, जमीन नंतर

अकॅन्थोस्टेगा या प्राचीन, चार पायांच्या प्राण्याच्या पुढच्या पायाला आठ बोटं होती. पाच नव्हे, आठ! पूर्व ग्रीनलंडमधल्या सुमारे 36.5 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत जीवाश्मशास्त्रज्ञ जेनी क्लॅक यांच्या 1987च्या मोहिमेला त्याचे सांगाडे मिळाले आणि एक जुनं चित्र मोडलं. तळी आटली, मासे सरपटत बाहेर आले आणि मग परांचे पाय झाले, असं ते चित्र होतं. हा बोटांचा प्राणी मात्र पाण्यातलाच. कल्ल्यांच्या कमानींवर रक्तवाहिन्यांच्या खोबणी आहेत, शेपटीला माशासारखा पर आहे आणि मनगट इतकं कच्चं, की त्यावर शरीराचा भार पेलणं अवघड.

बोटांचं मूळ शोधायचं तर त्याआधीच्या माशांचे पर आतून पाहावे लागतात, आणि घोडं तिथेच अडतं. आतली हाडं खवल्यांनी आणि बारीक काट्यांनी झाकलेली असतात. सुईने खरवडून ती उघडी केली, तर खवल्यांचा पुरावा कायमचा जातो. पँडेरिक्थिस या माशाचा पर टोकाला एका सपाट हाडाने संपतो, असं बरीच वर्षं मानलं गेलं. 2008मध्ये सीटी स्कॅन झालं, तेव्हा त्याच्या पुढे निदान चार सुटी हाडं निघाली. कॅनडातल्या मिग्वाशाचा 1.57 मीटर लांब, अख्खा एल्पिस्टोस्टेगे मासा तर त्याहून बोलका. 2020च्या अभ्यासात त्याच्या परात बोटांच्या पेरांसारखी हाडं दिसली, आणि बाहेरून काटे जसेच्या तसे! म्हणजे माशाच्या परात बोटं दडलेली.

अशाच आणखी एका माशाची, टिकटालिकची, ख्याती जास्त, आणि ती रास्तच आहे. शोधणाऱ्यांनी डेव्होनियन काळातले (सुमारे 42 ते 36 कोटी वर्षांपूर्वीचे), नदीच्या गाळाचे, उघडे पडलेले खडक नकाशावर हेरले. कॅनडाच्या आर्क्टिक भागात 1999 पासून शोध सुरू झाला, पण आधी हाती लागले ते खोल समुद्राचे थर. अखेर 2004मध्ये एल्समिअर बेटावर कड्यातून डोकावणारं चपटं मुस्कट सापडलं. एरवी माशाचं डोकं हाडांनी खांद्याला जखडलेलं असतं. टिकटालिकमध्ये ही जोडणारी हाडंच नाहीत, त्यामुळे अंग न वळवता त्याला मान वळवता येई.

तरी टिकटालिकला आपला थेट पूर्वज म्हणू नये. तो 37.5 कोटी वर्षांपूर्वीचा, तर पोलंडमधल्या झाखेल्मिए खाणीतले, 2010मध्ये जाहीर झालेले पाऊलठसे सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. काही संशोधकांच्या मते ते माशांनी केलेले खळगे आहेत. ठसे खरे असतील, तर टिकटालिक पोहत होता तेव्हा पायवाले प्राणी आधीच चिखलात वावरत होते.