पाळीची वही कशी भरायची
(बाळासाठी प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांसाठी, आमच्या मेडिकलकडून)

थर्मामीटर किंवा ओव्ह्युलेशनच्या (स्त्रीबीज कधी सुटणार ते लघवीवरून सांगणाऱ्या) पट्ट्या नेणाऱ्या गिऱ्हाइकांना आम्ही ही वही सोबत देतो. पैसे नाहीत. कव्हर मुद्दाम कोरं ठेवलंय. घर माणसांनी भरलेलं असलं तरी कुणी उचलून "हे काय गं?" विचारायला नको.

नीट रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस. आदल्या दिवशीचे डाग धरू नका. तिथून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र. २१ ते ३५ दिवसांचं चक्र सर्वसाधारण समजतात. चौदाव्या दिवशी बीज सुटतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण तो हिशेब २८ दिवसांच्या चक्राचा. बीज सुटतं पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, म्हणजे ३२ दिवसांचं चक्र असेल तर अठराव्या दिवसाच्या आसपास. बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, पुरुषबीज मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत राहू शकतं. म्हणून बीज सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढेच दिवस राहण्याचे दिवस.

ते आधी कळतात स्रावावरून. अंगावरून जातं म्हटलं की बायका घाबरतात. पण चक्राच्या मध्यावर पारदर्शक, अंड्यातल्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा स्राव हा आजार नव्हे, तो दिवस जवळ आल्याची खूण आहे. वहीत 'कोरडं', 'चिकट', 'ताणणारं' एवढं लिहिलं तरी पुरे. खाज, दुर्गंधी किंवा हिरवट-पिवळा रंग असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

थर्मामीटर उलट सांगतो, म्हणजे झाल्यावर. बीज सुटलं की शरीराचं तापमान ०.४ ते १ अंश फॅरनहाइटने चढतं आणि पाळी येईपर्यंत चढलेलं राहतं. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी, रोज एकाच वेळी मोजा. ताप, जागरण, रात्रपाळी असेल तर आकड्यापुढे तसं लिहा. एका महिन्याच्या आकड्यांवरून काही ठरवू नका. दोन-तीन चक्रं जाऊ देत.

पट्टीवर दोन्ही रेघा सारख्या गडद आल्या, की पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज सुटण्याची शक्यता असते. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा बीजकोशाचा विकार) असेल तर पट्टी फसवू शकते. आपल्याकडच्या पावसात पट्ट्या सादळतात. पाकीट वापरायच्या वेळीच फोडा, न्हाणीघरात ठेवू नका.

आता आमच्या वहीतला खास रकाना: 'हे घरी'. दुसऱ्या कुठल्या वहीत तुम्हाला तो दिसायचा नाही, पण इथे त्याच्यावाचून हिशेब लागत नाही. कुणाचा नवरा हर्णैच्या मासेमारी बोटीवर, कुणाचा मुंबईला, गणपती-शिमग्याला येणारा. "वर्ष झालं, दिवस राहत नाहीत" असं सांगणाऱ्या जोडप्याने हा रकाना ताणणाऱ्या स्रावाच्या दिवसांशी जुळवून बघावा. वर्षात दोनतीनदाच जुळलं असेल, तर ते वर्ष प्रयत्नांचं वर्ष म्हणता येणार नाही. डॉक्टरांनाही हे आधी कळलेलं बरं, नाहीतर उगाच तपासण्यांची रांग लागते. मासेमारी जून-जुलैत बंद असते. त्या दोन महिन्यांच्या नोंदी चुकवू नका.

नियमित प्रयत्न करूनही बाईचं वय ३५ च्या आत असेल तर एका वर्षाने, पुढे असेल तर सहा महिन्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळी फारच अनियमित असेल तर थांबायचं कारणच नाही. जाताना वही न्या, आणि नवऱ्यालाही. वीर्याची तपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त, तरी ती शेवटी होते, हे आम्हाला पटत नाही. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. नमुना तासाभरात लॅबला पोचावा लागतो. गाव लांब असेल तर लॅबमध्येच द्या. तंबाखू त्याने सोडावी, मिश्री तिने. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, कारण पुरुषबीज तयार व्हायलाच अडीच-तीन महिने जातात.

फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीपासून घ्यायचं असतं, रोज ४०० मायक्रोग्रॅम. दुकानात सहज मिळते ती गोळी बहुतेकदा ५ मिलिग्रॅमची. ती डॉक्टरांनी सांगितली तरच.

मुलगा व्हावा म्हणून कुठला दिवस, हे कृपया विचारू नका. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यात २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही बसते, आणि कायदा नसता तरी आम्ही सांगितलं नसतं.

काउंटरवर बोलायचा संकोच वाटत असेल तर प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या. दुपारी दोननंतर दुकानात गर्दी नसते, आणि बाईशीच बोलायचं असेल तर तेही सांगा.