दाद वेगळी, अभिप्राय वेगळा

कुणी लेख लिहून ओळखीच्यांना वाचायला पाठवला की येणारी उत्तरं ठरलेली असतात. 'अप्रतिम.' 'मनाला भिडलं.' 'लिहीत राहा.' आणि उत्तर देणाऱ्यांची खात्री असते, की आपण अभिप्राय दिला. त्यांनी दिली ती दाद. दाद हवीच, पण तिच्याकडून अभिप्रायाचं काम होत नाही.

दाद कशी द्यायची हे सांगलीकरांना शिकवायला नको. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथे नाटक उभं केलं, तेव्हापासून या गावाला प्रेक्षक म्हणून बसायची सवय आहे. पद रंगलं की 'वन्स मोअर' येतोच.

घोळ होतो तो पुढे. गाण्याच्या बैठकीत 'वा' निघते ती तान घेऊन गायक समेवर आला त्याच क्षणी. कशाला दाद मिळाली हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. लेख वाचणारा मात्र हजार शब्द संपवून, रात्री जेवणं उरकल्यावर 'वा' म्हणतो. ती सुरुवातीला होती, मधल्या प्रसंगाला होती की शेवटाला, हे लिहिणाऱ्याला कसं कळावं? म्हणून लिखाणावर बोलताना जागा दाखवावी लागते. जागा दाखवली की झाला अभिप्राय.

गोड बोललं की दाद आणि कडू बोललं की अभिप्राय, हा समज तर डोक्यातून काढूनच टाका. 'तिसऱ्या परिच्छेदातली आजी डोळ्यांसमोर उभी राहिली' हे निव्वळ कौतुक आहे, आणि उत्तम अभिप्रायही. 'लेख पकड घेत नाही' ही टीका आहे, पण ती वाचून लिहिणाऱ्याने नेमकं काय करायचं?

समजा, कुणी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांवर लिहिलंय. 'गावाची आठवण आली, खूप छान' ही दाद झाली. तीच ओळ उद्या चिंचेच्या झाडावरच्या लेखालाही चालेल. आता हे बघा: 'पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही, या वाक्यापाशी मी थांबलो. का उतरत नाही, ते तुम्ही सांगितलेलं नाही. आतली हवा कोंडलेली असते हे हरिपुरात माहीत आहे, नागपूरच्या वाचकाला नाही. आणि 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, हे शेवटी एका ओळीत उरकलंय. मला तिथेच अजून वाचायचं होतं.' एवढ्यावर लिहिणारा दुसऱ्या दिवशी कामाला लागतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. अभिप्राय लांबच असावा असं नाही, दोन ओळी पुरतात. दहा जागा दाखवण्यापेक्षा एकच दाखवलेली मला जास्त आवडते, कारण दहांच्या गर्दीत महत्त्वाची कुठली ते कळत नाही.

दोन गोष्टींचा मात्र मला मनापासून राग येतो. एक, चारचौघांत काढलेल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका. त्या जरूर सांगा, पण त्या माणसाला एकट्याला सांगा. दुसरी, लेख निमित्ताला घेऊन स्वतःची कथा लावणं: 'आमच्याही वाड्यात असंच होतं' म्हणून सुरू होतं आणि मूळ लेखाचं नाव पुन्हा निघत नाही. तुमची आठवण लेखातल्या एखाद्या मुद्द्याला दुजोरा देत असेल किंवा तो खोडत असेल, तर तो मुद्दा आधी लिहा आणि मग आठवण सांगा.

वेळ नसेल तर नुसतं 'वा' लिहा, त्यात काही कमीपणा नाही. फक्त त्याला 'सविस्तर नंतर कळवतो' हे शेपूट जोडू नका. लिहिणारा खरंच वाट बघत बसतो.