माहिती तंत्रज्ञान उद्योगातील रोजगाराची गुणवत्ता व कामाची परिस्थिती

संगणकप्रणाली रचणे, लिहिणे, तपासणे, चालती ठेवणे आणि ती वापरणाऱ्यांच्या अडचणी सोडवणे अशा कामांवर ज्यांची उपजीविका चालते, त्यांना त्या कामातून काय मिळते आणि त्यासाठी काय मोजावे लागते, हा या नोंदीचा विषय आहे. वेतन, कामाचे तास, नोकरीची शाश्वती, शारीरिक व मानसिक आरोग्य, कौशल्ये वाढवण्याची संधी, वरिष्ठांची व सहकाऱ्यांची वागणूक आणि स्वतःच्या कामाविषयी निर्णय घेण्याची मुभा हे त्याचे मुख्य घटक होत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९९ मध्ये ‘प्रतिष्ठेचे काम’ ही संकल्पना मांडली, तेव्हापासून रोजगार किती निर्माण झाला याच्या जोडीने तो कसा आहे हेही विचारले जाऊ लागले. माहिती तंत्रज्ञान उद्योगाबाबत हा प्रश्न आग्रहाने विचारावा लागतो. चांगला पगार आणि वातानुकूलित कार्यालय पाहून येथील नोकरी चांगलीच असणार असे गृहीत धरले जाते, आणि स्वतःच्या वेळेवर स्वतःचा ताबा नसणे ही तिची सर्वांत दुखरी बाजू नजरेआड राहते.

कामाचा ताण समजून घेण्यासाठी रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेले प्रारूप आजही उपयोगी पडते. त्यांच्या मते केवळ काम जास्त असल्याने माणूस खचत नाही. कामाचा रेटा मोठा आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा थोडी, अशी सांगड पडली की खचतो. योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये त्याला दुसरी बाजू जोडली: घातलेले कष्ट आणि मिळणारा मोबदला, मान व शाश्वती यांचे प्रमाण बिघडले की आरोग्य बिघडते. या उद्योगातील सर्व कामांना एकच माप लावता येत नाही. प्रणालीची रचना ठरवणाऱ्या अनुभवी अभियंत्याला रेटा असला तरी मुभाही असते. ग्राहक-साहाय्य केंद्रात ठरलेल्या मिनिटांत तक्रार निकाली काढणाऱ्याच्या वाट्याला मात्र रेटाच येतो. समाजमाध्यमांवरील हिंसक मजकूर दिवसभर पाहून तो काढून टाकणारे लोक याच उद्योगाचा भाग आहेत आणि त्यांच्या मनावर होणाऱ्या आघातांची किंमत न्यायालयातही मोजली गेली आहे: २०२० मध्ये फेसबुकने अमेरिकेतील अशा कामगारांच्या दाव्यात ५.२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

मुभा कोठे हरवते, हे कामाच्या अंदाजात सर्वांत स्पष्ट दिसते. प्रणालीतील एखादी सुविधा तयार करायला दहा दिवस लागतील असे तिचा प्रोग्रॅम लिहिणारा सांगतो. पण ग्राहकाला सहा दिवसांचा शब्द आधीच दिलेला असतो. मग बैठकीत ‘हे सहात बसवता येईल का?’ असे विचारले जाते. प्रश्न उत्तरासाठी नसतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. उरलेले चार दिवस रात्रींतून आणि सुट्टीच्या दिवसांतून काढले जातात, आणि टाइमशीटमध्ये, म्हणजे कामाच्या तासांच्या नोंदपत्रकात, मात्र रोजचे आठच तास भरले जातात, कारण करारात तेवढ्यांचेच पैसे ठरलेले असतात. त्या टाइमशीटवरून पुढच्या प्रकल्पाचा अंदाज बांधला जातो आणि तोही तितकाच कमी निघतो. न नोंदवलेला तास अशा रीतीने दोनदा नुकसान करतो: आज करणाऱ्याचे आणि पुढच्या वेळी सगळ्या गटाचे. रखडलेल्या प्रकल्पात ऐनवेळी माणसे वाढवूनही सुटका होत नाही. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की उशीर झालेल्या कामात नवी माणसे घातली की उशीर आणखी वाढतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि आपसांतील संवादाच्या वाटा भराभर वाढतात. पाच जणांत अशा वाटा १० असतात, तर दहा जणांत ४५ होतात.

दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ च्या पहिल्याच करारात आहे, परंतु तो करार कारखान्यांसारख्या औद्योगिक कामांसाठी होता. बुद्धीचे काम घड्याळात बसत नाही, हा युक्तिवाद पुढे या उद्योगाच्या सोयीचा ठरला. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार ठरावीक वेतनापेक्षा अधिक मिळवणाऱ्या प्रणाली-विश्लेषकांना व प्रोग्रॅमरना जादा कामाचा वाढीव मोबदला देणे बंधनकारक नाही. चीनमध्ये सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे सहा दिवस, अशा ‘९९६’ पद्धतीविरुद्ध २०१९ मध्ये प्रोग्रॅमरनी गिटहब या प्रोग्रॅम साठवण्याच्या व वाटून घेण्याच्या संकेतस्थळावर मोहीम उघडली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा असल्याचे स्पष्ट केले. संगणकीय खेळांच्या क्षेत्रात प्रकाशनापूर्वीच्या अशा जादा तासांच्या काळाला ‘क्रंच’ म्हणतात. तो काही आठवड्यांचा अपवाद म्हणून सुरू होतो आणि महिनोन्‌महिने लांबतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडून मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. हे आकडे सर्व उद्योगांचे आहेत. बसून केलेल्या कामाला त्यांतून सूट मिळत नाही.

प्रणाली चालती ठेवणाऱ्यांच्या कामात तासांइतकीच त्यांची अनिश्चितता जाचक असते. ‘ऑन-कॉल’ असलेला, म्हणजे बिघाड होताच कोणत्याही वेळी कामाला लागण्यास बांधलेला, अभियंता घरी असतो, पण मोकळा नसतो. रात्री पावणेतीनला फोन वाजतो, सर्व्हरची साठवण भरत आल्याची सूचना येते, तो अंधारात लॅपटॉप उघडतो आणि पाच मिनिटांत कळते की सूचना चुकीच्या मर्यादेवर लावलेली होती. काम पाच मिनिटांचे, पण झोप दोन तासांची जाते आणि सकाळची साडेनऊची बैठक तशीच असते. फोन वाजला नाही तरी लांब जायचे नाही, लॅपटॉप जवळ ठेवायचा, मुलांना घेऊन पोहायला जायचे नाही, अशी बांधिलकी आठवडाभर राहते. हा प्रतीक्षेचा वेळ कामाचा धरावा की विश्रांतीचा, यावर देशोदेशीचे नियम वेगळे आहेत. गूगलच्या विश्वसनीयता-अभियांत्रिकीच्या, म्हणजे प्रणाली अखंड चालती ठेवण्याच्या, पद्धतीत ऑन-कॉलवर एकूण वेळेच्या चौथ्या हिश्शापेक्षा अधिक वेळ जाऊ नये अशी मर्यादा सांगितली आहे, आणि वारंवार होणारा बिघाड मुळापासून दुरुस्त करण्यासाठी वेळ राखून ठेवला जातो. आपल्या मते खरा उपाय याच दिशेला आहे. रात्रीचा भत्ता द्यायलाच हवा, पण तो झोप परत देत नाही.

घर आणि कार्यालय यांतील सीमा पुसट झाल्याने ‘संपर्क तोडण्याचा हक्क’ कायद्यात आला. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेरील ईमेल व फोन यांविषयी कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करणे आवश्यक झाले. पोर्तुगालने २०२१ मध्ये वेळेबाहेर कर्मचाऱ्याशी संपर्क न साधण्याचे बंधन मालकांवर घातले. ऑस्ट्रेलियातही २०२४ पासून असा हक्क आहे. घरून काम करण्याने प्रवास वाचला, त्याचबरोबर कळपट्टीवरील हालचाल मोजणारी आणि पडद्याची छायाचित्रे घेणारी देखरेखही घरात आली.

डोळ्यांचा कोरडेपणा, मान, पाठ व मनगट यांची दुखणी ही या कामाची नेहमीची शारीरिक दुखणी होत. युरोपीय समुदायाने १९९० मध्येच पडद्यासमोरील कामासाठी नेत्रतपासणी आणि मध्यंतरे यांचे नियम केले. मनाच्या थकव्याची दखल त्यामानाने उशिरा घेतली गेली. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू झाली, ‘बर्नआउट’ ही व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून नोंदली आहे: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा व कडवटपणा आणि घटलेली कार्यक्षमता ही तिची तीन अंगे. तिला आजार म्हटलेले नाही आणि तिचे मूळ, आटोक्यात न आणलेल्या कामाच्या ताणात, कामाच्याच ठिकाणी दाखवले आहे. अशा स्थितीत कर्मचाऱ्याला केवळ ध्यानधारणेचे अ‍ॅप देणे म्हणजे दुखणे त्याच्याच गळ्यात बांधणे होय.

नोकरीची शाश्वती हा आणखी एक नाजूक भाग आहे. सेवा देणाऱ्या कंपन्यांत दोन प्रकल्पांच्या मधल्या काळात कर्मचारी ‘बेंच’वर असतो, पगार चालू असतो, पण रोज येऊन काम मिळण्याची वाट पाहणे मनाला कुरतडते. तंत्रज्ञान बदलते तसे शिकत राहावे लागते आणि हे शिकणे बहुधा स्वतःच्या वेळेत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने सुमारे ११,००० आणि जानेवारी २०२३ मध्ये गूगलच्या मूळ कंपनीने सुमारे १२,००० जणांना कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा मोठ्या कंपनीतील जागाही पक्की नसल्याचे उघड झाले. एचवनबी या परदेशी कुशल कर्मचाऱ्यांसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत असलेल्यांना अशा वेळी दुसरी नोकरी शोधायला साधारणतः ६० दिवसच मिळतात, त्यामुळे त्यांना वाईट वागणुकीविरुद्ध बोलणेही अवघड जाते.

एकाच टेबलाशी बसणाऱ्यांत कायम आणि कंत्राटी अशी दरी असते. मायक्रोसॉफ्टमध्ये कायम कर्मचाऱ्यांचे ओळखपत्र निळे आणि कंत्राटींचे नारिंगी असे. वर्षानुवर्षे तेच काम करूनही लाभ नाकारले गेल्याने तेथील कंत्राटींनी १९९२ मध्ये दावा लावला आणि २००० मध्ये तो ९.७ कोटी डॉलरांवर मिटला. तरीही कंत्राटी पद्धत टिकून राहिली. मध्यस्थ संस्थांमार्फत नेमणूक करणे अधिक रूढ झाले. जानेवारी २०२१ मध्ये गूगलच्या मूळ कंपनीत अल्फाबेट वर्कर्स युनियन ही संघटना स्थापन झाली, तेव्हा तिने सभासदत्व कायम कर्मचाऱ्यांपुरते न ठेवता कंत्राटी, तात्पुरत्या आणि बाहेरील पुरवठादारांकडून आलेल्या कामगारांनाही खुले केले.