कडू संत्र्याच्या तीन बाटल्या

दिवाळीच्या आधी कर्वे रस्त्यावरच्या एका प्रदर्शनातून माझ्या बहिणीने सुगंधी तेलांच्या तीन चिमुकल्या बाटल्यांचा संच आणला. निरोली, पेटिग्रेन आणि 'बिटर ऑरेंज'. खोक्यावर प्रत्येकीला एकेक काम नेमून दिलेलं: पहिली मन शांत करते, दुसरी झोप आणते, तिसरी उत्साह वाढवते. खाली ठळक अक्षरांत 'शंभर टक्के केमिकलमुक्त'. मी जरा जोरात हसलो असणार, कारण लगेच ऐकून घ्यावं लागलं, "तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे."

खोट नव्हतो काढत. उलट त्या खोक्यावर जी गंमत लिहायला हवी होती तीच राहून गेली होती. या तिन्ही बाटल्या एकाच झाडातून येतात.

झाड कडू संत्र्याचं. हा जुना संकर आहे: आई पपनस, बाप मँडेरीन. पपनस म्हणजे गणपतीच्या दिवसांत बाजारात दिसतं ते डोक्याएवढं फळ, आणि मँडेरीन म्हणजे आपलं नागपुरी संत्रं ज्या कुळातलं ते. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात रस्त्याच्या कडेला ही झाडं आहेत. फळ नुसतं खाववत नाही, पण मार्मलेड त्याचंच करतात. फुलांतून निघतं ते निरोली. 17 व्या शतकात इटलीतल्या नेरोलाच्या राजकन्येने ते हातमोज्यांना लावायची टूम काढली, म्हणून हे नाव. पानं आणि कोवळ्या डहाळ्यांतून येतं ते पेटिग्रेन. शब्द फ्रेंच, अर्थ 'बारीक दाणे', कारण पूर्वी ते दाण्याएवढ्या कच्च्या फळांपासून काढत. तिसरं सालीचं.

यांना तेल म्हणायचं ते केवळ पाण्यात मिसळत नाहीत म्हणून. कागदावर एक थेंब शेंगदाणा तेलाचा आणि एक निरोलीचा टाका. पहिला डाग तसाच राहील, दुसरा हळूहळू उडून जाईल. शेंगदाणा तेलाचे रेणू मोठे आणि अवजड. निरोलीतले लहान, उडून जाणारे. आता माझ्या आवडीचा प्रश्न. निरोलीतला एक मुख्य घटक लिनालूल. त्याचा उत्कलनबिंदू 198 अंश सेल्सिअस. मग तो फुलांतून उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर 100 अंशांच्याही खाली बाहेर कसा पडतो?

हळदीच्या पानावर मोदक वाफवताना सगळं घर त्या पानाच्या वासाने भरतं, ते आठवा. किंवा गवती चहा उकळताना झाकण ठेवा आणि झाकणाच्या आतल्या थेंबांचा वास घ्या. चूल कुणी 200 अंशांवर नेलेली नसते, तरी वास झाकणापर्यंत पोचतो.

द्रव उकळतो कधी? त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा झाला की. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच. इथे हवेचा दाब साधारण 710 मिलिमीटर पाऱ्याएवढा, म्हणून आपल्याकडे पाणी 98 च्या आसपासच उकळतं. आता भांड्यात पाणी आणि लिनालूल दोन्ही आहेत. ते एकमेकांत विरघळले असते तर दोघांनी एकमेकांचा दाब कमी केला असता. पण ते जवळजवळ विरघळतच नाहीत, त्यामुळे दोघंही शेजारी कुणी नसल्यासारखा आपापला पूर्ण दाब देतात. 97 अंशांच्या जवळपास पाण्याचा दाब सुमारे 690, लिनालूलचा जेमतेम 20. बेरीज 710. हवेला ढकलायला एवढं पुरतं, आणि मिश्रण पाण्याच्याही आधी उकळू लागतं! लिनालूल स्वतः कधीच उकळत नाही, पाण्याच्या खांद्यावर बसून निघून जातं.

पुढचं गणित नको असेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. वाफेत रेणूंची संख्या दाबाच्या प्रमाणात असते, म्हणजे पाण्याच्या साधारण 35 रेणूंमागे लिनालूलचा एक. पण पाण्याच्या रेणूचं वजन 18, लिनालूलचं 154. वजनाने पाहिलं तर चार ग्रॅम पाण्यामागे एक ग्रॅम लिनालूल! अर्थात हे कागदावरचं. फुलात तेल मुळात इतकं कमी की साधारण टनभर फुलांमागे एक किलो निरोली हाती लागतं. किंमत तिथून येते.

सालीचं तेल मात्र वाफेने नाही, साल दाबून काढतात. संत्र्याची साल ज्योतीसमोर पिळून ठिणग्या उडवायचा खेळ शाळेत सगळ्यांनीच केला असेल. ठिणग्या त्याच तेलाच्या. ते 90 टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं रसायन. पण दाबताना सालीतली फ्युरानोकुमरिन नावाची संयुगंही सोबत येतात. ती उडणारी नाहीत, म्हणून वाफेवर स्वार होऊ शकत नाहीत आणि ऊर्ध्वपातनात, म्हणजे वाफेने तेल काढताना, मागेच राहतात. दाबून काढलेलं तेल हाताला लावून एप्रिलच्या उन्हात गाडी चालवलीत, तर हीच संयुगं कातडी भाजल्यासारखी लाल करू शकतात. खोक्यावर याबद्दल अवाक्षर नाही.

मग शांत करणं, उत्साह वाढवणं? 'मन शांत करणारं' लिनालूल आणि त्याचाच भाऊ लिनालिल ॲसिटेट ही जोडी पेटिग्रेनमध्ये आहे, लॅव्हेंडरमध्येही आहे. लिनालूल तर आपल्या धन्यांतही भरपूर आहे, फक्त तिथलं बहुतांशी उजव्या-डाव्या हातासारखं उलट घडणीचं. मसाला भाजताना आमच्या घरात कुणी शांत झाल्याचं मी पाहिलेलं नाही. तरी सगळंच थोतांड म्हणून झटकू नये. जपानच्या कागोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं की लिनालूलचा वास घेतलेले उंदीर कमी बिचकतात, आणि ज्यांची घ्राणशक्ती नाहीशी केली होती त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही. म्हणजे काम नाकातून होतं, फुप्फुसांतून रक्तात जाऊन नव्हे. माणसांची परीक्षा घेणं फार अवघड. औषधाच्या चाचणीत खरी गोळी आणि खोटी गोळी सारखी दिसते. इथे कुठल्या बाटलीत वास आहे हे रुग्णाला लगेच कळतं. संत्र्याचा वास आला की ज्याला आजोळ आठवतं त्याला बरं वाटणारच.

तेलांची 'फ्रिक्वेन्सी' मोजून शरीराची 'फ्रिक्वेन्सी' सुधारणारे मात्र सरळ फसवतात. ज्या स्टॉलवरून हा संच आला, तिथे वर लिंबू-मिरचीही टांगलेली होती म्हणे. त्या लिंबात निदान लिमोनीन तरी खरं आहे. आणि 'केमिकलमुक्त' बाटली हवी असेल तर ती रिकामीच असली पाहिजे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 1960 च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ सुख देव ज्या टर्पीन वर्गातल्या रसायनांचा अभ्यास करत होते, त्याच वर्गातली ही मंडळी.

संच आता आमच्याकडेच आहे. निरोली बहिणीने घेतलं, पेटिग्रेन कपाटात अंधारात ठेवलंय. उरलं सालीचं. लिमोनीन चिकट डिंक छान विरघळवतं. तुळशीबागेतून आणलेल्या काचेच्या बरणीवरचं लेबल दोन दिवस नखाने खरवडत होतो. कापसावर दोन थेंब घेतले आणि दहा मिनिटांत ते सोललं गेलं. उत्साहाचं म्हणाल, तर दुसरी बरणीही लगेच काढली.