टक्क्यांपासून क्रेडिटपर्यंत: मराठवाड्यातल्या बी.कॉम. प्रथम वर्षाची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या कुठल्याही कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की विषयांची जी यादी हातात पडते, ती पाहून घरातली जुनी कॉमर्सवाली माणसंही चक्रावतात. मेजर (मुख्य विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतून निवडायचा विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवाढ), भारतीय ज्ञान प्रणाली, आणि प्रत्येकापुढे क्रेडिटचा, म्हणजे वर्गातल्या तासांवरून ठरलेल्या वजनाचा, आकडा. 'पास व्हायला किती लागतात?' या साध्या प्रश्नालाही आता सरळ उत्तर नाही. या यादीतला एकेक नियम वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गावाहून आला आहे. त्यातला इथल्या मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेतून, आलेला मात्र जवळपास एकही नाही.

बी.कॉम. ही मुळात मुंबईची चीज. 1913 साली तिथे सिडनहॅम कॉलेज निघालं ते व्यापारी पेढ्या, बँका आणि विमा कंपन्यांना इंग्रजी पद्धतीचे हिशेबनीस हवे होते म्हणून. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू आणि औरंगाबादचं सरकारी कॉलेज 1923 चं, तेही इंटरमिजिएटपुरतं. पुढे शिकायचं तर हैदराबाद गाठायचं. व्यापार मात्र जोरात होता. जालना, लातूर, नांदेडच्या मोंढ्यांत आडत दुकानांचे हिशेब दिवाणजी रोजमेळ (रोजची वही) आणि खतावणीत (खात्यांची वही) लिहीत. व्यवहार हाली, म्हणजे निजामाच्या, रुपयात आणि बाहेरच्या इलाख्याशी संबंध आला की कलदारात, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयात. 1950 मध्ये भारतीय रुपया इथे आला तेव्हा 7 हालीला 6 कलदार असा भाव धरला गेला, आणि हाली नाणं कायद्याने पूर्ण बाद व्हायला 1959 उजाडलं. दोन नाण्यांत हिशेब ठेवणाऱ्या दिवाणजीला व्यवसायाची ओळख करून देणारा अभ्यासक्रम कुणी शिकवला नव्हता. त्याचा निकाल रोज संध्याकाळी लागायचा: शिल्लक जुळली की पास.

या दोन पद्धतींची टक्कर कॉलेजच्या वर्गात झाली. देशी खात्यात जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. इंग्रजी लेजरमध्ये नेमकं उलटं, डेबिट (नावे) डावीकडे आणि क्रेडिट (जमा) उजवीकडे. दुकानात बसून वही पाहिलेल्या पोराला पहिल्या वर्षाच्या अकाउंट्समध्ये हात उलटा वळवावा लागे, आणि परीक्षेत बाजू चुकली की गुण गेले. ज्याने घरी कधी वहीच पाहिली नाही, त्याची निदान या घोळातून सुटका होती.

निजामाच्या राज्यातून मुक्ती मिळाल्यानंतर चित्र झपाट्याने बदललं. 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज (पुढचं मिलिंद) सुरू झालं, दोन्ही उस्मानियाशी संलग्न. 23 ऑगस्ट 1958 ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं आणि पेपर हैदराबादऐवजी औरंगाबादला निघू लागले. विद्यापीठ नवं असलं तरी परीक्षेचा साचा जुनाच: वर्षभर शिका, शेवटी तीन-तीन तासांचे पेपर द्या. त्यातून पहिला वर्ग, दुसरा वर्ग किंवा नुसतं पास. अंतर्गत गुण जवळपास नव्हतेच. हजेरीची 75 टक्क्यांची अट कागदावर असे. टर्म ग्रँट करताना, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी देताना, प्राचार्य किती कडक, यावर तिची खरी किंमत ठरे.

प्रवेशाची पायरीही सरकत गेली. आधी अकरावीची मॅट्रिक, मग पी.यू.सी. (पदवीपूर्व वर्ष) आणि त्यानंतर पदवीची तीन वर्षं. कोठारी आयोगाच्या शिफारशींनंतर 10+2+3 आलं. महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली परीक्षा मार्च 1975 ला झाली आणि कॉमर्सची तोंडओळख अकरावी-बारावीत गेली. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या प्राध्यापकासमोर तेव्हापासून दोन प्रकारची मुलं बसतात. बारावी कॉमर्सची मुलं अंतिम खाती करून आलेली असतात, तर आर्ट्स-सायन्समधून वळलेल्यांना नोंद म्हणजे काय इथूनच सुरुवात करावी लागते. पेपर दोघांनाही एकच.

नेमक्या याच दशकात कॉमर्सला भाव आला. 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, 1975 पासून ग्रामीण बँका निघाल्या आणि मराठवाडा ग्रामीण बँकेचं मुख्यालय नांदेडला आलं. बँकेत चिकटायचं तर बी.कॉम. बरं, हे समीकरण घरोघर पक्कं झालं, आणि त्यासोबत टक्क्यांचं वेडही. 1994 साली जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं आणि सप्टेंबरमध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ उभं राहिलं. नांदेड, लातूर, परभणी (आणि नंतरचा हिंगोली) तिकडे गेले. एकाच प्रदेशात बी.कॉम.चे दोन अभ्यासक्रम आणि दोन नियमावल्या झाल्या.

क्रेडिटची कल्पना अमेरिकेची, आणि तिचा जन्म शिकवण्याच्या चिंतेतून झालेला नाही. 1906 च्या सुमारास कार्नेगी फाउंडेशनने प्राध्यापकांना पेन्शन देऊ केली. पात्र कॉलेज ठरवायचं तर प्रवेशाआधीचा अभ्यास मोजायला काही माप हवं होतं, म्हणून वर्गात घालवलेले तास मोजले. तेच माप विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांतून इथे रुजलं. आज थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे 60 तास वर्ग.

त्याच सूचनांनी दहा गुणांची श्रेणी आणली. ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, पी 4, आणि एफ म्हणजे शून्य. क्रेडिटचा भार कसा पडतो ते बघा. चार क्रेडिटच्या लेखांकनात सी पडला आणि दोन क्रेडिटच्या ओपन इलेक्टिव्हमध्ये ओ. नुसती सरासरी साडेसात दिसते. पण 4 गुणिले 5 म्हणजे 20, 2 गुणिले 10 म्हणजे 20, एकूण 40 भागिले 6 क्रेडिट. हाती येतात 6.67. मोठ्या पेपरात घसरलेला छोट्या पेपरात सावरत नाही, आणि हे पोरांना निकालाच्या दिवशी कळतं.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवी रचना लागू झाली. सत्राला 20 ते 22 क्रेडिट. 40 ते 44 क्रेडिट मिळवून आणि जोडीला 4 क्रेडिटचा व्यवसायाभिमुख भाग पुरा करून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. देशी नामा, म्हणजे दिवाणजींची हिशेब लिहिण्याची पद्धत, शिकवायचाच झाला तर भारतीय ज्ञान प्रणालीच्या क्रेडिटमध्ये त्याला आता जागा आहे. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी ती वापरावी.

माझी हरकत सत्राच्या मधल्या चाचण्या आणि असाइनमेंटच्या अंतर्गत गुणांवर नाही, त्यांच्या वेळापत्रकावर आहे. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. बीड, जालन्याच्या ज्या घरांतली माणसं कारखान्यावर जातात, तिथलं पोरगं चाचणी आणि असाइनमेंटच्या आठवड्यांत गावात असेलच असं नाही. वार्षिक पद्धतीत ते मार्चपर्यंत परत येऊन पेपर देऊ शकत होतं. सत्र पद्धतीत हुकलेली चाचणी सरळ श्रेणीतून वजा होते. मधल्या काळात बहिःस्थ परीक्षा आणि 1989 नंतर मुक्त विद्यापीठ यांनी अशा मुलांना वाट दिली होती. नियमित कॉलेजने अजून दिलेली नाही.

आणि एवढं सगळं करून बँक भरतीच्या अर्जात रकाना अजून टक्केवारीचाच आहे. सीजीपीए (क्रेडिटच्या भाराने काढलेली श्रेणींची एकूण सरासरी) असेल तर विद्यापीठाच्या सूत्राने रूपांतर करायचं आणि कागदपत्र तपासणीला त्याचा दाखला दाखवायचा. सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं आपापलं. तेव्हा पहिल्या सत्राचा निकाल लागला की आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक काढून ठेवावं, ऐन मुलाखतीच्या तोंडावर परीक्षा विभागाच्या खिडकीशी रांग लावावी लागत नाही.