गुरांना पीठ नको, भरडा द्या

मका जितका बारीक दळावा तितका तो गुरांच्या अंगी लागतो, ही समजूत खानदेशात घट्ट बसली आहे. चोपडा, शिरपूर, अमळनेर भागात मका घरात आला की बरेच जण पोतं थेट पिठाच्या चक्कीवर नेतात. त्या पिठात सरकीची ढेप, तुरीची किंवा हरभऱ्याची चुनी, थोडा गव्हाचा कोंडा मिसळला की झाला घरचा खुराक. खुराक घरी करणं अगदी योग्य आहे, कारण त्यात काय पडलं ते आपल्या डोळ्यांसमोर असतं. चुकतं ते दळण.

अख्खा मका दिला तर काही दाणे न चावता गिळले जातात आणि तसेच शेणात पडतात. दाण्याचं टरफल टणक असतं, पोटातल्या जंतूंना ते सहज फोडता येत नाही. म्हणून दाणा फोडायलाच हवा. प्रश्न एवढाच, की किती?

गाय-म्हशीचं पहिलं पोट, म्हणजे कोटीपोट, ही आंबवण्याची टाकी आहे. मोठ्या गाईत ती शंभर लिटरहून अधिक भरते, आणि तिच्या एका मिलिलिटर पाण्यात सुमारे १,००० कोटी जीवाणू असतात. चारा आणि दाणा आधी हे जीवाणू खातात. त्यातून जी आम्लं तयार होतात, ती पोटाच्या भिंतीतून रक्तात शिरतात आणि जनावर त्यांवर जगतं. जीवाणू दाण्याला फक्त बाहेरून चिकटू शकतात, म्हणून सगळा खेळ पृष्ठभागाचा. आठ मिलिमीटरच्या चौकोनी तुकड्याचे एक मिलिमीटरचे तुकडे केले, तर ५१२ तुकडे होतात आणि पृष्ठभाग आठपट होतो. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत गेलात तर सोळापट. वजन तेच. खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यात किती वेगाने विरघळतात तो फरक इथेही आहे.

मक्यात सुमारे ७० टक्के स्टार्च असतो. भरड्यातला स्टार्च जीवाणू सावकाश खातात. पिठातला एकदम मोकळा होतो, आणि आम्ल रक्तात शोषलं जाण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने तयार होतं. निरोगी कोटीपोटाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण ६ ते ७ असतो. तो ६ च्या खाली गेला की कडबा पचवणारे जीवाणू मंदावतात. ५.५ च्या खाली उतरला की लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्यांचं फावतं, आणि ते खाऊन संपवणारे जीवाणू मागे पडतात. हे लॅक्टिक आम्ल पोटातल्या नेहमीच्या आम्लांच्या सुमारे दहापट तीव्र. त्यामुळे सामू आणखी घसरतो, घसरला की लॅक्टिक आम्ल बनवणारे आणखी वाढतात. एकदा हे चक्र सुरू झालं की आपोआप थांबत नाही. सुटलेलं जनावर पिठाच्या ढिगावर चरलं तर दगावतं ते याचमुळे. असं झालं तर वाट न बघता पशुवैद्यकाला बोलवा.

निसर्गाने याला उतारा दिला आहे: लाळ. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ गाळते आणि त्या लाळेत आपला खाण्याचा सोडाच असतो. पण लाळ सुटते रवंथ करताना, आणि रवंथ होतो लांब, खरखरीत चाऱ्याने. पिठाला कोण चावणार?

आता दुधातल्या फॅटकडे येऊ. सरकीच्या ढेपेत तेल उरलेलं असतं आणि त्यात लिनोलेइक आम्ल (तेलातलाच एक घटक) भरपूर. निरोगी कोटीपोटात जीवाणू त्याचं रूपांतर ठरलेल्या वाटेने करतात. सामू घसरला की वाट बदलते आणि त्याचंच एक वेगळं रूप, ट्रान्स-१०, सिस-१२ संयुग्मी लिनोलेइक आम्ल, तयार होतं. ते कासेत पोचलं की तिथे चरबी बनवणाऱ्या जनुकांचं काम मंदावतं. अगदी थोड्या ग्रॅमनेही फॅट पडते. म्हणजे पीठ आणि ढेप एकत्र आले, कडबा कमी पडला, की डेअरीवरचा आकडा उतरतो. आणि घरात म्हणतात, 'म्हैसले नजर लागनी'. लिंबू-मिरची टांगली जाते, काळा दोरा बांधला जातो, नाहीतर दूध वाढवण्याची हमी देणारी महागडी पावडर येते. कुणीही गव्हाण बघत नाही. नजरेने फॅट पडत नाही, पडते ती दळणाने आणि चारा कमी केल्याने.

मग करायचं काय? हातोड्याच्या भरडा यंत्राला मोठ्या छिद्राची चाळणी लावा. भरडा छिद्रापेक्षा नेहमीच बारीक निघतो, हे चाळणी निवडताना लक्षात ठेवा. एका मक्याच्या दाण्याचे चार-सहा तुकडे, मूठभर भरडा हातावर घासला तर पीठ कमी आणि कण जास्त, असा हवा. ज्वारी-बाजरीचे दाणे लहान आणि टणक, अख्खे सुटून जातात, म्हणून त्या फोडायलाच हव्यात. गहू वेगाने आंबतो, तो फक्त मोडावा. जमलं की नाही ते शेण सांगतं. शेण चाळणीत घेऊन पाण्याने धुवा. अख्खे दाणे दिसले तर भरडा जाड आहे. शेण पातळ, फेसाळ असेल तर दळण बारीक असण्याची किंवा चारा कमी पडल्याची शंका घ्या.

मिसळण्याचं थोडक्यात. मीठ आणि खनिज मिश्रण जड आणि बारीक, ते तळाशी जातात. आधी ते दोन-तीन किलो कोंड्यात कालवा, मग तो कोंडा सगळ्या ढिगात फावड्याने वरखाली करा. युरिया घरच्या खुराकात अंदाजाने टाकू नका, एकाच जनावराच्या वाट्याला गोळा आला तर जीव जातो.

भरडा आठ-दहा दिवस पुरेल एवढाच काढा, कारण फुटलेला दाणा हवेतला ओलावा धरतो. बुरशी लागलेला मका दळून किंवा उन्हात वाळवून सुधारत नाही. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, उकळलं तरी जात नाही, उलट जनावराच्या शरीरातून बदलून दुधात उतरतं. दुधासाठी त्याची कायदेशीर मर्यादा किलोमागे फक्त ०.५ मायक्रोग्रॅम आहे. असा मका गुरांनाच काय, कोंबड्यांनाही घालू नका.