रिओ ग्रांदे : सरकत्या नदीवर आखलेली सीमा

अमेरिका आणि मेक्सिको यांची सीमा टेक्सासमधल्या एल पासो शहरापासून समुद्रापर्यंत सुमारे 2,000 किलोमीटर नदीतून जाते. अमेरिकेत ही नदी रिओ ग्रांदे, मेक्सिकोत रिओ ब्रावो. 2 फेब्रुवारी 1848 च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाने नदीचा मध्य ही सीमा ठरवली. जिथे एकाहून जास्त प्रवाह असतील तिथे सर्वांत खोल प्रवाह धरायचा. 1852 मध्ये एल पासोजवळचे पात्र मोजून नकाशेही झाले. नदीने जागा बदलली तर पुढे काय, हे मात्र तहात नव्हते.

आणि ही नदी जागा बदलणारच होती. गाळाच्या सपाट खोऱ्यातून ती वळणे घेत वाहते. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाण्याचा मारा बसतो, काठाचे बूड पोखरले जाते आणि वरची माती ढासळते. आतल्या बाजूला गाळ साचून मळई वाढते. वळण वाढत गेले की त्याची मान अरुंद होते. एखाद्या मोठ्या पुरात नदी ती फोडून सरळ निघून जाते आणि मधला तुकडा पलीकडच्या काठाला लागतो. अशा तुकड्यांना तिकडे ‘बांको’ म्हणतात.

1884 च्या करारात दोन नियम आले. काठ हळूहळू झिजला तर सीमा नदीबरोबर सरकेल. नदीने जुने पात्र टाकून नवे धरले तर सीमा जुन्या, कोरड्या पात्रातच राहील. कायद्याच्या दृष्टीने नियम चोख होता. जमिनीवर त्याने सीमारेषेचे तुकडे केले, कारण दर मोठ्या पुरानंतर आणखी एक बांको चुकीच्या काठावर पडायचा. 1889 मध्ये संयुक्त सीमा आयोग नेमला गेला आणि 1905 मध्ये नियमच उलटवला : 250 हेक्टरपर्यंतचा आणि 200 पर्यंत वस्तीचा बांको ज्या काठाला लागेल, त्या देशाचा.

एल पासो आणि नदीपलीकडचे मेक्सिकन शहर सिउदाद हुआरेझ यांच्यामधला चामिझालचा तुकडा या कोणत्याच नियमात बसेना. 1852 नंतर नदी दक्षिणेकडे सरकत गेली आणि सुमारे 600 एकर मेक्सिकन जमीन उत्तर काठाला आली. त्यातही 1864 च्या पुराने काठ भराभर खाल्ला. अमेरिकेचे म्हणणे, नवे पात्र फुटलेले नाही, म्हणजे ही झीजच. मेक्सिकोचे म्हणणे, इतक्या वेगाने काठ गेला त्याला हळूहळू कसे म्हणायचे? दोघांचेही खरे होते. करारात या तिसऱ्या प्रकाराला जागाच नव्हती. 1911 मध्ये कॅनडाचे कायदेपंडित यूजीन लाफ्लर यांच्या अध्यक्षतेखालील लवादाने 1864 पूर्वीच्या पात्रावरून रेघ ओढली : उत्तरेकडचा भाग अमेरिकेचा, बाकीचा मेक्सिकोचा. ते पात्र आता शोधायचे कुठे, शिवाय तुकडा वाटून देण्याचा अधिकार लवादाला नव्हता, असे म्हणत अमेरिकेने निवाडा फेटाळला. दुसरा मुद्दा वकिली होता. पहिल्यात तथ्य होते.

दरम्यान 1916 मध्ये वरच्या अंगाला एलिफंट ब्यूट धरण पूर्ण झाले. मोठे पूर थांबले, पण पूर्वी तेच पूर पात्रातला गाळ वाहून नेत. तो आता जागीच बसू लागला, तळ वर आला आणि थोडे पाणी वाढले तरी शहरांना धोका. 1933 च्या करारानुसार एल पासोखालची सुमारे 250 किलोमीटरची वळणे कापून नदी 140 किलोमीटरच्या आसपास आणली. कापलेल्या जमिनींची दोन्ही बाजूंनी समसमान अदलाबदल झाली.

चामिझाल मिटायला 29 ऑगस्ट 1963 चा करार लागला. मेक्सिकोला निव्वळ 437 एकर जमीन मिळाली, नदीसाठी सुमारे सात किलोमीटरचा काँक्रीटचा कालवा बांधला गेला आणि त्याचा खर्च निम्मा-निम्मा वाटला. एल पासोतल्या पाच हजारांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली, ही बाजू समारंभाच्या छायाचित्रांत दिसत नाही. 1970 च्या करारात पुढची सोयही आहे : 250 हेक्टरपर्यंतचा आणि 100 पर्यंत वस्तीचा तुकडा तुटला, तर ज्याची जमीन गेली त्या देशाला नदी पूर्वीच्या जागी आणायला तीन वर्षे मिळतात. ते जमले नाही, तर सीमा नव्या पात्रात जाते.

सीमेचे भांडण असे निवले. आता भांडण पाण्याचे आहे. 1906 च्या करारानुसार अमेरिका हुआरेझला वर्षाला 7 कोटी 40 लाख घनमीटर पाणी देते. 1944 च्या करारानुसार मेक्सिकोने कोंचोससह सहा उपनद्यांच्या पाण्याचा एक तृतीयांश द्यायचा, तोही पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला किमान 43 कोटी 17 लाख घनमीटर. दुष्काळात हप्ता थकतो आणि पाच वर्षांच्या शेवटी सगळा बोजा एकदम येतो. सप्टेंबर 2020 मध्ये चिवावा राज्यातल्या शेतकऱ्यांनी ला बोकिया धरणाचा ताबा घेतला तो याच वसुलीवरून. ऑक्टोबरमध्ये मुदत संपायच्या काही दिवस आधी मेक्सिकोने सीमेवरच्या आमिस्ताद आणि फाल्कन धरणांतला आपल्या वाट्याचा साठा अमेरिकेच्या नावे करून थकबाकी फेडली.